झुलीखालची कविता

आमचा ललित, म्हंजे माह्या जाऊचा नातू, कवीबी हाय अन चित्रकारबी. एकानं भागत नव्हतं. एक डाव बडनेऱ्याहून अकोल्याले जातानी त्यानं रेल्वेत कविता सुरू केली, तं मूर्तिजापूर येईलोक अख्खा डबा खाली. टीसीबी उतरला. आमच्या म्हशीले वाचून दाखवली, तं तिनं दोन दिस पान्हा चोरला.

त्याचं दुखनं एकच. "आजी, आजलोक माही एकबी कविता कोनी शेवटलोक वाचली नाही." चित्रावर कविता लिहली तं लोक रंग पाह्यते, मान हालवते, चालले जाते.

यंदा पोळ्याले त्याच्या डोक्यात आलं, का कविता बैलावरच लिहाची. दोन बैल, चार कुशी, चार कडवी. तोरनाखाली बैल उभे असले का लोक जातीन कुठं? अकोल्याहून महादेवराव नावाचे चित्रातले जानकारबी बलावले. खांद्यावर झोळी, झोळीत काय ते देवाले माहीत.

सकायपासून ललित आमच्या भावकीतल्या देवीदासच्या गोठ्यात गेरू अन चुना घेऊन बसला. शेपटीचे फटके तोंडावर खाल्ले, पन चारी कडवी उतरवली. दुपारी देवीदासची बायको बेबीताई आली अन तिनं दोन्ही बैलायवर झुली टाकल्या. कविता गायब.

"काकू, झूल काहून टाकून राह्यली?"

"पोळा हाय ना बाप्पा."

"आजच्या दिस राहू दे ना उघडे."

"तोरनाखाली उघडा बैल? असं कर, तू कपडे काढून पुढं चाल, मंग मी झूल काढतो."

आमच्या भातकुली गावात जलमला, अन पोळ्याले बैलावर झूल असते हे याले माहीत नाही. बैलाकडं कधी पाह्यलंच नाही ना. नुसत्या बैलावर कविता केल्या.

खाली कविता हाय, हे ऐकून महादेवरावनं डोये मिटले. "न दिसणारी कविता. अकोल्यात प्रदर्शन लावू आपण."

मंग अकोल्यात मोठ्या हॉलात भिंतीवर चार झुली टांगल्या. बेबीताईच्या दोन, शेजारच्या दोन. ललितनं मातर इमानदारीनं दर झुलीखाली भिंतीवर एक एक कडवं लिहलं. झूल वर करा, वाचा. मी बशीनं गेली. पाह्यतो तं भारी साड्यावाल्या बाया, झब्बेवाले बुवा, चहा पिऊन राह्यले अन 'खोल आहे, खोल आहे' म्हनून राह्यले. झुलीले हात कोनी लावन तं शप्पत. महादेवरावनं तं झुलीकडं पाठ करूनच भाषन ठोकलं.

ललित कोपऱ्यात उभा. तोंड वाळलेल्या वांग्यासारखं. हॉल बंद कराची येळ झाली, तरी एकानंबी झूल उचलली नव्हती.

मंग मीच उठली. पहिली झूल उचलली, थांबली. दुसरी. तिसरी. चवथीपाशी जरा जास्तच थांबली अन पदर डोयाले लावला. धूळ लय होती झुलीत.

"आजी, वाचली?"

"वाचली."

"शेवटलोक?"

"शेवटलोक. चवथं कडवं तं काय सांगू तुले."

पोट्ट्यानं माह्या पायावर डोकं ठेवलं अन लेकरावानी रडला. म्हने, आता दुसरं काही लिहाची गरज नाही. तवापासून लिहलंबी नाही. म्हैस सुखात हाय.

चष्मा मी भातकुलीले देवापाशीच इसरली होती. सांगू नोका त्याले.