डोळ्यांखालचं काळं

दोरीला बांधलेल्या मांसाच्या तुकड्यावरची झडप तिसऱ्यांदा हुकली. ऊन पाठीशी असताना ससाणा अचूक होता. समोरून आलं की नेम चुकत होता. मावशींनी त्याला टॉवेलात घेऊन तोंड निरखलं आणि त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

पक्ष्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी चार दिवसांच्या रजेवरून आजच आल्या होत्या.

"ह्याच्या गालाची पिसं कोणी कापली?"

"मी," नवे डॉक्टर म्हणाले. "गच्चीवरच्या डांबरात पडला होता ना? पंखांचं धुऊन निघालं, डोळ्यांखालचं काही निघेना."

"निघेल कसं? ते त्याचं जन्माचं आहे! दोन्ही बाजूंना मोजून सारखं डांबर लागतं होय? डोळे होते की बटणं?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दवाखान्याचे साहेब आले. "पाहुणे आणि फोटोवाले फाटकाशी आलेत. सोडायचा ससाणा तयार ना?"

"सोडायचा नाही."

"मावशी, चिमूटभर पिसांचं काय घेऊन बसलात? उडतोय ना?"

"उडतोय. खाणार काय? फोटो?" मावशींचा आवाज चिरकला. "गालावरचं ऊन उसळून डोळ्यांत जातं, साहेब. काळा पट्टा ते गिळून टाकतो. आता ह्याला उन्हात पाखरू दिसेपर्यंत ते पसार झालेलं असेल. आठ दिवसांत उपाशी मरेल हा. नवी पिसं यायला वर्ष लागेल."

"मला शिकवू नका. पिंजऱ्याची किल्ली द्या, आणि उद्यापासून येऊ नका."

मावशींनी किल्ली डॉक्टरांसमोर आपटली. "तुम्ही कापलंत, तुम्हीच सोडा!"

डॉक्टरांनी किल्लीला हात लावला नाही. "साहेब," ते खाली बघत म्हणाले, "चूक माझी आहे. पण सोडता येणार नाही. मी कागदावर तसं लिहून देतो."

"लिहा! दोघंही लिहीत बसा!" साहेब तणतणत पाहुण्यांकडे गेले. मावशींना 'उद्या या' असं कोणी म्हणालं नाही.

मावशींनी पिंजऱ्यावर लावायचा कागद ओढला. 'गालाची काळी पिसं पूर्ण येईपर्यंत सोडू नये.' शेवटच्या शब्दावर पेन इतका दाबला गेला की कागद फाटला. त्यांनी दुसरा कागद घेतला, सगळं पुन्हा सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी डॉक्टरांपुढे सरकवला.