पिल्लांचं वाढवलेलं वय

बायका वय चोरतात म्हणे. आरोंद्याच्या कार्मेलिनाने उलटं केलं. डुकरिणीची तीन आठवड्यांची पिल्लं तिने दोन महिन्यांची करून टाकली.

कारण काय, तर हौस! लशीचं शिबिर कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, आवारात त्या एकाच दिवशी होतं, आणि पुढच्या रविवारी तिथला सण, फेस्त. कार्मेलिना क्लॉडियाची मादीन, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्ममाता. फेस्ताला चार माणसांदेखत तिला लस दिलेली पिल्लं भेट द्यायची, असं तिने मनात धरलेलं. क्लॉडिया गोव्यातलं हॉटेलातलं काम सोडून आली होती. त्या पिल्लांच्या भरवशावर तिने साठवणीतले पैसे घालून डुकरांसाठी खोप बांधली होती.

"दोन महिने झाले ना नक्की?" जनावरांचे डॉक्टर गुरुदास यांनी विचारलं होतं.

"झाले हो! आमच्या डुकरिणीक दूधच तसां, दिसतत ती ल्हान."

पुढे वाडीत डुकरांच्या तापाची साथ आली. क्लॉडियाला भेट मिळालेली पिल्लं तापली, त्यांचे कान जांभळे पडले, आणि आडवी झाली ती उठलीच नाहीत. लस टोचूनही मेली म्हटल्यावर, ती बघायला अंगणात आलेल्या डॉक्टरवर सगळे उखडले. लशीच्या नावाने पाणी टोचलं म्हणाले. कार्मेलिना हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा क्लॉडियाच्या अंगणात आले. दुसरं काहीतरी कारण निघेल या आशेने कार्मेलिनानेच विचारलं, "लस देवनसुद्धा मरतत काय हो?"

"फार लवकर दिली तर मरतात. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला या तापाशी लढायचं बळ मिळतं. ते अंगात असताना लस टोचली, तर ते बळ लशीलाच रोग समजून मारून टाकतं. लस फुकट जाते. मग दुधातलं बळही ओसरतं आणि पिल्लू उघडं पडतं. पण तुमची दोन महिन्यांची होती. म्हणजे चूक माझीच. लशीच्या पेटीतला बर्फ वितळला असणार. वरच्या ऑफिसात तसं कळवलंय मी."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प राहिली असती तर कार्मेलिना सुटली असती, अगदी साफ सुटली असती. पण तिला स्वतःची इतकी किळस आली की तिथे उभं राहवेना.

"तीन आठवड्यांची होती," ती म्हणाली. "माका फेस्ताक देवची होती. मी खोटां सांगलंय."

क्लॉडिया पुढे आली.

"मादीन, काल मी हेंका चोर म्हटलंय. मेलेलां पिल्लू हेंच्या अंगार फेकलंय. तेव्हा तू खंय होतंस?"

"थंयच," कार्मेलिना म्हणाली. "तुझो हात धरून उभी होतंय."