बोंब चाचणी

आमच्या कंपनीत मला विझव्या म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण म्हणतात हे मला ठाऊक आहे. माझं काम सर्व्हर बंद करणं. लोकांच्या फायली, फोटो, पत्रव्यवहार सांभाळणारी मशीनं आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रांगेने उभी आहेत आणि त्यातली बरीचशी नुसती वीज खातात. कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी लावलेली. तो माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं काम संपलं, मशीन मात्र अहोरात्र गरम हवा सोडत बसलंय. वर त्याला गार ठेवायला एसी आहेच. दोन वर्षांपूर्वी कंपनीने जाहीर केलं की विजेचा खप एक तृतीयांशाने कमी करायचा, पृथ्वीचं भलं करायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा घेतला. मी ते मनावर घेतलं.

माझा स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, हा माणूस बाथरूममध्ये कुणी असलं तरी बाहेरून दिवा घालवतो. एक-दोनदा झालंय तसं. फुकट जळणारा दिवा मला बघवत नाही.

बेवारस मशीन ओळखायची आमची एक रीत आहे. आधी सगळ्यांना मेल पाठवायची, हे मशीन कुणाचं आहे का म्हणून. उत्तर येत नाही, कारण असल्या मेल कुणी उघडतच नाही. मग मशीन सरळ बंद करायचं आणि तीन आठवडे वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो बोंब मारत येईलच. आला, की मशीन चालू करायचं आणि चार शिव्या खायच्या. नाही आला, तर मशीन खोलून तळघरात ठेवायचं. तिथून रीसायकलिंगवाले घेऊन जातात आणि त्यातलं तांबं, ॲल्युमिनियम वेगळं काढतात. फॉर्मवर या प्रकाराला भारदस्त नाव आहे. आम्ही बोंब चाचणी म्हणतो. दोन वर्षांत मी दोनशे बारा मशीनं विझवली, बोंब आली फक्त एकोणीस वेळा. मला त्या आकड्याचा अभिमान होता. अजूनही आहे, हीच तर पंचाईत आहे.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमची इमारत रिकामी असते. वीज वाचवायला सगळे घरून काम करतात, एसी बंद, माणसांच्या दोन्ही लिफ्ट बंद. चालू असते ती फक्त मालाची लिफ्ट. फाटकावर गार्ड, वर मी आणि सफाईच्या मावशी, एवढीच काय ती वस्ती.

पावणेएकला मी ट्रॉलीवर सात मशीनं रचून लिफ्टमध्ये शिरलो, तेवढ्यात मावशी बादली आणि पोछा घेऊन धावत आल्या.

"थांबा हो विझव्यासाहेब, मलाही न्या खाली."

मला तोंडावर विझव्या म्हणणाऱ्या त्या एकट्याच. साठीला टेकलेल्या, तोंडाने फटकळ, गुडघ्यांनी अधू. त्यांचा डबा तळघरात असायचा.

"जेवायचं राहिलंय का अजून?" मी विचारलं.

"आत्ताच साखरेची सुई टोचून घेतली. आता अर्ध्या तासात पोटात काही गेलं नाही तर मी आडवी. मग तुम्हालाच उचलावं लागेल, बघा झेपतंय का."

मला हसू आलं. पहिला मजला मागे पडला आणि लिफ्ट हिसका देऊन थांबली.

आधी आम्ही दोघांनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग मी दाराच्या फटीत बोटं घालून जोर लावला. चार बोटं उघडलं, पलीकडे कोरी भिंत होती. छतातली झडप बाहेरून कुलूपबंद. फोन आमच्याकडे नव्हते. तिसऱ्या मजल्यावर जायचं तर फोन खालच्या कपाटात ठेवूनच जायचं, असा नियम आहे. मी लाल बटण दाबलं. ते दाबलं की गार्डच्या टेबलावर घंटा वाजते. दाबून धरलं. बटणाशेजारच्या चिमुकल्या पडद्यावर अक्षरं आली, जोडणी होत नाही. त्याखाली ज्या मशीनला हाक मारायची त्याचा नंबर. शेवटचे आकडे एकशे सत्तेचाळीस.

हा नंबर मी तीन आठवडे रोज बघत होतो. तिसऱ्या रांगेतलं, सगळ्यात खालचं, धुळीने माखलेलं जुनं मशीन. वरची चिठ्ठी पिवळी पडून पुसून गेलेली. बंद केलं, कुणी बोंब मारली नाही. मी ट्रॉलीकडे पाहिलं. वरून चौथं. माझ्याच अक्षरातली पट्टी चिकटवलेली होती.

"काय झालं? तोंड का पडलं तुमचं?" मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात दिवा गेला आणि पंखाही थांबला. लिफ्टमध्ये हालचाल नसली की दीड मिनिटात दोन्ही आपोआप बंद होतात. ती कल्पना माझीच, मागच्या वर्षी तिच्यासाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. मी अंधारात हात हलवला, दिवा लागला.

मग मी मावशींना सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. या घंटेचा निरोप गार्डपर्यंत नेणारं मशीन मी बंद केलंय आणि ते हे इथे ट्रॉलीवर आहे. मेल पाठवली होती मी सगळ्यांना, कुणी काही बोललं नाही.

"मला कुठली मेल?" मावशी बादली पालथी घालून तिच्यावर बसत म्हणाल्या. खरंच होतं ते. कंत्राटावरच्या माणसांना कंपनीची मेल नसते.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "गेल्या शुक्रवारी मी अडकले होते इथे. वीस मिनिटं."

"मग?"

"मग काय? हेच लाल बटण दाबलं. घसा कोरडा पडेस्तोवर ओरडले. कुणी आलं नाही, मग आपलीआपण चालू झाली. कंत्राटदाराला सांगितलं तर म्हणतो, जिना कशाला बांधलाय? माझे गुडघे काय त्याला लावलेत?"

गेला शुक्रवार. म्हणजे चाचणीचा दुसरा आठवडा. बोंब आली होती. बाई इथे उभी राहून गळा फाडून ओरडली होती, आणि मी त्या दिवशी फॉर्मवर तक्रार नाही असं लिहून घरी गेलो होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाऊण तासाने त्यांना घाम फुटला. हात थरथरायला लागले. मी खिसे चाचपले, खोकल्याची एक गोळी निघाली. ती त्यांनी चघळली. तिने वीस मिनिटं बरं वाटलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, मालक तीन वाजता स्कूटर घेऊन येतात, शुक्रवार कधी चुकवत नाहीत. मी घड्याळ पाहिलं. दोनलाही वेळ होता.

मी दारावर लाथा मारल्या, ओरडलो. मध्येच दिवा जाई, मी हात हलवी, परत ओरडे. मावशी चिडायला लागल्या. "कशाला केकाटतोस? डोकं उठलं माझं. बस खाली!" म्हणाल्या. या बाई मला कधी अरे-तुरे करत नसत. तेव्हा मी खरा घाबरलो. नंतर त्या कुणा मुलीशी बोलायला लागल्या, वह्या आवर म्हणून सांगायला लागल्या. आणि मग भिंतीला टेकून गप्पच झाल्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. गाल थंड, ओला. एका हाताने त्यांना धरून दुसरा हात मी सारखा हलवत राहिलो, कारण अंधार झाला की त्यांचा श्वास चालू आहे की नाही ते मला दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, जळू दे दिवा, वाटेल तितका जळू दे.

तीन वाजून गेले. मावशींचे यजमान, म्हणजे काका, येऊन फाटकावरूनच परत गेले असतील, असं वाटून माझा धीर सुटला.

ते गेले नव्हते. पुढचं मला नंतर कळलं. गार्डने त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दाखवला: इमारतीत फक्त एक कार्ड आत आहे, माझं, आणि मी बाहेर पडताना कार्ड लावायला विसरलो असणार, असं तो म्हणाला. मावशींना कार्डच नव्हतं, त्यामुळे त्या आतही नव्हत्या आणि बाहेरही. "ती मला सोडून घरी जात नाही," काका म्हणाले आणि सरळ जिना चढायला लागले. गार्ड मागून ओरडतोय आणि हे प्रत्येक मजल्यावर थांबून हाका मारतायत.

ती हाक मला ऐकू आली. माझा आवाज बसला होता. मी ट्रॉलीवरचं एक मशीन उचललं आणि दारावर आदळलं, परत आदळलं.

लिफ्टवाले येऊन दार उघडेपर्यंत पावणेचार झाले. अँब्युलन्स आवारात उभीच होती. नर्सने मावशींच्या हाताला साखरेचं सलाईन लावलं. आमचे मॅनेजर घरून गाडी काढून आले होते, चपला घालूनच. कुणी मला पाणी दिलं, कुणी खुर्ची. दहा मिनिटांनी मावशींनी डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं.

काका माझ्याकडे आले. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "तुम्ही होतात बरोबर म्हणून ती वाचली," ते म्हणाले.

"जुनी लिफ्ट आहे हो," मॅनेजर म्हणाले. "लिफ्टच्या कंपनीला कडक पत्र लिहितो मी आजच."

स्ट्रेचरवरून मावशींचा बारीक आवाज आला. "गेल्या शुक्रवारी पण झालं होतं."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!" मॅनेजर म्हणाले. "न सांगता आम्हाला कसं कळणार?"

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्या बोलणार नव्हत्या. त्यांना नोकरी टिकवायची होती, आणि मी मोठा साहेब होतो. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच काही कळणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं. काकांचे हात गरम होते आणि ते सोडत नव्हते.

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणालो. बसलेला आवाज कुणापर्यंत पोचला नाही, पुन्हा म्हणालो. "गेल्या शुक्रवारी त्यांनी बटण दाबलं होतं. ती घंटा पोचवणारं मशीन मी बंद केलं होतं."

"तुम्ही?" काकांनी विचारलं.

"हो. मी."

त्यांनी माझा हात सोडला आणि ते अँब्युलन्समध्ये चढून बायकोशेजारी बसले.