दुसरं इंजिन

आमच्या गाडीचं इंजिन गेलं ते आम्हीच सांभाळून ठेवलेल्या दुखण्यानं. आतला एक दांडा सैल झाला होता, तो खडखड वाजायचा. गॅरेजवाले काका दर खेपेला म्हणायचे, "वहिनी, एकदा खोलून घेऊ या. नाहीतर भर रस्त्यात दगा देईल." आणि मी दर खेपेला सांगायचे, ऑइल बदला, ब्रेक बघा, पण त्या खडखडीला हात लावायचा नाही. बाईचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

गाडी माझ्या नवऱ्याची. त्यानं ती जुनीच घेतली आणि खडखड तिच्यासोबतच आली. तो ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्या गेला. सासूबाईंना दिसतं कमी, आणि लक्षात तर काहीच राहत नाही. मुलगा गेल्याचं त्यांना सांगितलं, त्या ऊर फुटेस्तोवर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "अजून कसा आला नाही?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, नवंकोरं. शेवटी मी आणि माझ्या नणंदेनं ठरवलं, आता बास. एका आईचा एकच मुलगा किती वेळा मारायचा?

मी त्याची गाडी चालवायला लागले. संध्याकाळी फाटकाशी खडखड वाजली की खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणायच्या, "आला." मी आत येऊन म्हणायचे, "हो आई, हातपाय धुतोय." तेवढं त्यांना पुरायचं. तो घरी आल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही हा त्यांचा जुना हट्ट. खडखड आली की त्या जेवायच्या, शांत झोपायच्या. म्हणून ते दुखणं आम्ही जपलं, आणि एके दिवशी चढावर तो दांडा इंजिन फोडून बाहेर आला.

"आता यात काही राहिलं नाही," काका फडक्याला हात पुसत म्हणाले. "ठोकलेल्या गाडीतलं एक चांगलं इंजिन मिळतंय, ते बसवतो. नाहीतर भंगारात द्या."

"खडखडेल का ते?"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही वहिनी. खडखडलं तर मी कशाला बसवू?"

नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दे भंगारात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आईचं काय गं?"

तेच तर. मी बसनं घरी आले. आज पुन्हा सांगावं लागणार होतं. ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं, शब्द जुळवत उभी राहिले. रस्ता रिकामा होता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"आला," आई म्हणाल्या आणि ताट पुढे ओढलं.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो आई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. नणंद फोनवर हसली. "सुंठीवाचून खोकला गेला की! जेवतेय ना ती? मग इंजिन कशाला हवंय?" तिचं चुकत नव्हतं. पण ती तिकडे होती, आणि त्या घरात संध्याकाळी मी होते. एकदा भाजी हलवता हलवता मी गॅस बारीक केला, हात धुतले, त्याचा कप काढून चहाचं आधण ठेवलं. आई "आला" म्हणाल्या त्या यानंतर. माझ्या हाताला आधी कसं कळलं? मी घाबरले, खरंच घाबरले. नवरा परत यावा म्हणून मी किती रडले होते, पण असा नको होता.

काकांना सांगितलं, बसवा ते इंजिन. मला संध्याकाळी फाटकाशी एक खरा आवाज हवा होता, कुणालाही ऐकू येईल असा. मग आई रडल्या तरी चालेल. पुन्हा एकदा सांगेन.

गाडी मिळाली त्या दिवशी मी मुद्दाम नेहमीच्या वेळेला घरी आले. नवं इंजिन गुणी होतं, हलकं गुणगुणत होतं. गाडी लावली, एकदा मोठ्यानं रेस केली, बंद करून आत गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

सकाळी झाकून ठेवलेल्या ताटावर आई बसलेल्या होत्या. अर्धं जेवण झालं होतं.

"पाहुणे आलेत वाटतं कुणी," त्या म्हणाल्या. "गाडीचा आवाज ओळखीचा नाही."

"आई, ती आपलीच गाडी आहे. मीच आले."

"आपली मघाशीच आली की. फाटकातच आडवी लावलीय त्यानं, नेहमीचा आळशीपणा. जा, त्याला म्हणावं, जरा पुढे घे. आलेल्या माणसाला जागा नको का?"

मी बाहेर आले. माझी गाडी रस्त्यावर, कुंपणाला लागून उभी होती. फाटक सताड उघडं होतं, आत अंगण मोकळं, आणि तरी मी ती आत घेतली नव्हती. का घेतली नाही ते आठवेना. जागा नाहीये असं वाटलं होतं, एवढंच आठवलं.

मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं. एक माणूस गाडी पुढे घेईल इतका वेळ थांबले, आणि मग माझी आत घेतली.