सातपुड्याची भिंत

“यात सूर्य कुठे आहे?” मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी भिंतीसमोर उभं राहून विचारलं.

“धुरामागे आहे, सर,” योगेंद्र शिडीवरून म्हणाला.

शिरपूरजवळच्या या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. उद्या पाहुणे येणार म्हणून पटांगणाकडची अख्खी भिंत त्याच्या ताब्यात आली होती. ‘सातपुडा काढा’, एवढाच हुकूम. धुळ्याला डिप्लोमा करताना त्याने रोमँटिसिझमचे मुद्दे घोकले होते. नियमांपेक्षा कल्पना मोठी, बुद्धीपेक्षा भावना मोठी, निसर्गापुढे माणूस एवढासा. मार्क उत्तम पडले. पुढे नोकरीभर पोरांचे दोन त्रिकोणी डोंगर आणि मधला सूर्य बघून त्याला वीट आला, पण परीक्षेत तेच चालतं म्हणून गप्प बसला. भिंत मिळाल्यावर मात्र त्याने उन्हाळ्यात पेटणारा सातपुडा काढला. काळाकभिन्न डोंगर, वणव्याची वाकडीतिकडी रेघ आणि पायथ्याशी पाठमोरा एक माणूस.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भागाबाई हात पुसत येऊन कधीच्या उभ्या होत्या.

“भाऊ, हाई देखीसन माले भ्याव वाटस,” त्या म्हणाल्या. “पन आठून हालाले मन व्हत नही.”

योगेंद्रला शिडीवरच भरून आलं. त्याचं चित्र बघून आजवर कोणी घाबरलं नव्हतं, की कोणाचा पाय तिथून निघेना असं झालं नव्हतं.

सरांना नेमकं तेच खटकलं. “बघा, बाई घाबरल्या. पाहुण्यांना काय वणवा दाखवायचा? हिरवा करा. सूर्य मध्ये घ्या.”

“सर, मला तो डोंगर असाच वाटतो.”

“तुमचं वाटणं घरी ठेवा. जमत नसेल तर पेंटर बोलावतो.”

पेंटर आला असता तर त्याने चित्रातल्या त्या माणसावरून सरळ रोलर फिरवला असता. ते बघण्यापेक्षा योगेंद्रने स्वतःच ब्रश उचलला. मनातल्या मनात चरफडत त्याने आधी आग पुसली, मग डोंगर हिरवा केला. पाठमोरा माणूस सगळ्यात शेवटी गेला. सूर्य गोल हवा म्हणून भागाबाईंकडून परात मागितली. त्यांनी ती धुऊन आणून दिली.

“झकास,” सर खूश झाले. “आता कोपऱ्यात चित्रकाराचं नाव टाका.”

योगेंद्रने बारीक ब्रश घेतला आणि वळणदार अक्षरांत लिहिलं, प्रेमराज पाटील.

सरांनी ते दोनदा वाचलं.

“अहो, माझं कशाला,” म्हणत त्यांनी केस सारखे केले, भिंतीशेजारी उभे राहिले आणि फोटो काढायला मोबाइल योगेंद्रच्याच हातात दिला.