मार्सेयहून आलेली गोळी

वसीलाने मोज्यांच्या घडीतून औषधाचं खोकं बाहेर काढलं, प्रवासात चेपलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि चष्मा लावून ती खिडकीपाशी गेली. तिची नणंद सिहेम आदल्या दिवशी मार्सेयहून आली होती. भावाला कॉफी, भाच्यांना चॉकलेटं आणि वहिनीला हे खोकं देऊन ती आईकडे राहायला गेली होती.

"आता तरी घे बाई," हेदी मागून म्हणाला. नवऱ्याच्या आवाजात चिडचिड नव्हती, थकवा होता.

तिने मान हलवली, पण खोकं उघडलं नाही. त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय ती गोळी तोंडात घालणार नव्हती.

वसीला एक्कावन्न वर्षांची होती. झहरा गावातल्या शाळेत ती सव्वीस वर्षं अरबी शिकवत होती. गेली दोन वर्षं तिच्या अंगातून अचानक उष्णतेचा लोट उठे, मान आणि चेहरा लाल होई, पाठीवरून घाम ओघळे. फेब्रुवारीत मुली कोट घालून बसलेल्या असताना ती वर्गाच्या खिडक्या उघडायची. झोप अशी नव्हतीच. मग शब्द हरवायला लागले. एके दिवशी फळ्यावर वाक्य लिहिलं, त्यातल्या शब्दाखाली रेघ ओढली आणि व्याकरणात त्याला काय म्हणतात तेच तिला आठवेना. मुली हसल्या नाहीत. वह्यांवर पेन टेकवून त्या शांतपणे वाट पाहत राहिल्या, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. त्या दुपारी तिने मुदतीआधी निवृत्ती मागणारा अर्ज लिहिला, पण तारीख घातली नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छातीची तपासणी करून घेतली आणि सांगितलं की हे पाळी जाण्याच्या वयातलं आहे, यावर औषध आहे आणि तिला ते घ्यायला काही धोका दिसत नाही. पण औषधांच्या सहा दुकानांत मिळून एकच उत्तर आलं: माल येत नाही, कधी येईल ते सांगता येत नाही. शेवटी सिहेमने तिकडच्या दुकानदाराला चिठ्ठी दाखवून हे खोकं मिळवलं. त्याच सुमारास शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं होतं की असल्या गोळ्यांनी बायका मरतात. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला पटलं होतं. हे दुसरं बोलणं मात्र मनातून जात नव्हतं.

खोक्याच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत शेवटची ओळ होती. ती वाचून वसीलाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. गोळी बनवली होती इथेच ट्युनिशियात, शेजारच्या बेन अरूसमध्ये. पुढे कारखान्याचं नाव होतं. त्या नावाची गाडी रोज सकाळी त्यांच्याच इमारतीखाली थांबायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मोंजियाला घेऊन जायची.

सोळा वर्षांच्या शेजारात दोघींचं बोलणं जिन्यातल्या सलामापुढे फारसं गेलं नव्हतं. मोंजिया तोंडाची तिखट म्हणून प्रसिद्ध होती. जिन्यात पाणी सांडलं तरी तिचा आवाज गच्चीपर्यंत जाई. वसीला खोकं हातात घेऊन वर गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. कपाळावर कारखान्यातल्या टोपीच्या इलॅस्टिकचा लाल वळ अजून होता. वसीलाने आल्याचं कारण सांगितलं.

मोंजियाने हात पुसले आणि खोकं घेतलं. नावाकडे तिने पाहिलंही नाही, झाकणावर ठोकलेले आकडे तेवढे वाचले.

"नोव्हेंबरचा माल आहे. तेव्हा मी गोळ्यांच्या तपासणीला होते," ती म्हणाली. "ही तुम्ही मार्सेयहून मागवलीत?"

"इथे कुठे मिळते?"

ते खरंच होतं. मोंजियाने सांगितलं की त्यांच्या कारखान्यातला सगळा माल थेट बंदरावर जातो, इथे विकायचा परवानाच नाही. गोळ्या समुद्रापार जायच्या, तिथल्या दुकानात लागायच्या. बाकीचं तिला माहीत नव्हतं, आणि कुणी तिला सांगितलंही नव्हतं.

वसीलाने मनातलं विचारून टाकलं. "घेऊ ना मी?"

"डॉक्टरांनी लिहून दिलीय ना? मग घ्या, मादाम. एका गोळीला टवका दिसला तर आम्ही अख्खा ट्रे बाजूला काढतो. ही माझ्या नजरेखालून गेलीय."

वसीला खुर्चीत बसली. इतके दिवस आखडलेले खांदे खाली आल्याचं तिला जाणवलं. एवढ्या तपासण्यांनी जे झालं नव्हतं, ते मटारांच्या ढिगापलीकडून आलेल्या या एका वाक्याने झालं.

मोंजियाने खोकं परत दिलं, पण ती काही तरी विचारू की नको अशी घुटमळली.

"मादाम, राग मानू नका. या वयात तुम्हाला ही कशाला? मूल न व्हायची गोळी ना ही?"

वसीलाला हसू फुटलं, कित्येक महिन्यांनी, अगदी पोटातून. मग हसता हसता तिने सगळं सांगितलं. लोट, घाम, वर्गातल्या खिडक्या, हरवलेला शब्द. मोंजिया हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली राहिली.

"उशी भिजते, ते?" तिने विचारलं.

"तेच."

"आणि उगाचच माणसांवर ओरडायला होतं?"

"तेही."

मोंजियाने ती शेंग खाली ठेवली. मग तिने खालच्या आवाजात सांगितलं. हे सुरू होऊन सात वर्षं झाली. तिला पर्यवेक्षकाची जागा देऊ केली होती, पण त्या बंद काचेच्या खोलीत बसणं तिच्याने झालं नसतं, म्हणून ती नको म्हणाली. डिसेंबरात तिने नऊ वर्षांचं तपासणीचं काम सोडून, हातापाया पडून थंड गोदामात बदली मागून घेतली. बरोबरच्या बायका म्हणाल्या, हिला काम नको.

"मला वाटायचं, माझा स्वभावच सडला," ती म्हणाली. "याला औषध असतं?"

वसीलाने तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं तपासणीला बसलेली ही बाई. तिच्या हातांखालून लाखो गोळ्या गेल्या असतील.

"उद्या चार वाजता माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. आपण 'तुम्ही' म्हणायचं विसरलो, हे तिच्या लक्षात आलं नाही. मोंजियाच्या आलं.

दुसऱ्या दिवशी मोंजिया डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि ओठांवर हसू होतं. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला होता. त्यामुळे तपासण्या झाल्या की तिला गोळीऐवजी कातडीवर चोळायचं जेल मिळणार होतं, ते नुकतंच इथल्या दुकानांत आलं होतं.

"नऊ वर्षं ज्या तपासल्या, त्या मला चालतच नाहीत," ती म्हणाली, आणि दोघी स्टेशनपर्यंत त्यावर हसत गेल्या.

एप्रिल संपेपर्यंत वसीलाला सलग सहा तास झोप लागू लागली. वर्गात शब्द वेळेवर येऊ लागले. एखादा अडलाच, तर ती मुलींना विचारी आणि पुढे जाई. तो अर्ज तिने फाडला आणि पुढच्या वर्षीही शाळेतला सगळ्यात वरचा वर्ग मलाच द्या, असं मुख्याध्यापकांना सांगून आली. तिसऱ्या मजल्यावरून ओरडण्याचा आवाज अजून येई, पण आता त्याला काही कारण असे. मोंजिया गोदामातून पुन्हा तपासणीला गेली होती.

मे महिन्यात वसीला पुढच्या तपासणीसाठी गेली तेव्हा दवाखान्याची बाहेरची खोली भरलेली होती. कधी नव्हे ती इतकी गर्दी. बाकावर पाचसहा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, कुणी पन्नाशीची, कुणी त्याहून मोठी. सगळ्या कामावरून थेट आलेल्या दिसत होत्या. प्रत्येकीच्या कपाळावर, केसांलगत, मोंजियासारखाच इलॅस्टिकच्या टोपीचा लाल वळ होता. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि कुणी कुणाकडे पाहतही नव्हतं.

टोकाला बसलेल्या बाईने थोडं सरकून वसीलाला जागा दिली. मग जरा वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघतच तिने हलकेच विचारलं, "ताई, तुम्हीपण त्याच्यासाठीच?"

"हो," वसीला म्हणाली. "त्याच्यासाठीच."

बाकावरच्या सगळ्या बायका मान वळवून तिच्याकडे पाहू लागल्या.