वाटेवरच्या देवाचे पिवळे गोटे

सायमाला आता त्या किरणोत्सर्ग मोजायच्या मीटरचं तोंडही पाहवत नव्हतं. अख्खा हिवाळा ती आलापल्लीच्या अलीकडच्या जंगलात युरेनियम शोधत हिंडली होती. नाल्यातला गोटा असो की वालुकाश्माचा थर, मीटर टेकवायचं, आकडा पाहायचा, गोटे पिशवीत भरून जीपच्या मागे टाकायचे. नाल्यात मीटर असं कडकडायचं की वाटे, सापडलं एकदाचं! त्याच पिशव्या चंद्रपूरला पोचल्या की थंडगार. तिथले साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, मीटर बिघडलंय की तुम्ही?"

हंगाम संपायच्या आत काही हाती लागलं नाही तर तिचं कंत्राट गेलंच म्हणून समजा, हेही त्यांनी वर ऐकवलं.

मग काल घाटाच्या वळणावर नशीब उघडलं. तिथे मोहाच्या झाडाखाली वाटेवरचा देव होता. देव म्हणजे दगडांचा मोठा ढीग. येणाऱ्याजाणाऱ्यानं एक गोटा वाहायचा आणि पुढे जायचं. जीप चालवणारे गोंडपिपरीचे गफ्फारभाऊ रोज न चुकता थांबायचे. "देव ज्याचा असंन त्याचा असंन, घाट तर आपल्यालेच उतराचा हाय ना!" काल सायमाही मीटर घेऊन उतरली, आणि ढिगाजवळ मीटर जे बोंबललं! तिनं आनंदाच्या भरात तिथूनच फोन लावला. साहेब म्हणाले, "उद्या मजूर घेऊन येतो. ढीग हलवू आणि खाली खड्डा घेऊ."

आज सकाळी पाहते तर ढिगापुढे सुकलू मांडी ठोकून बसलेला. देवाची राखण त्याच्याकडे.

"माह्या आज्याच्या आज्यानं ठेवलेले गोटे हायत इथी. आधी मले हलवा, मंग देवाले."

"अहो भाऊ, थोडंसंच खणायचं आहे!"

"थोडासा देव हलवता येते का, बाई?"

सायमानं कपाळावर हात मारला. नेमकं किती खणायचं ते या माणसाला दाखवावं म्हणून ती मीटर घेऊन ढिगाभोवती फिरू लागली. खालची जमीन गप्प. शेजारचा कातळ गप्प. तळचे जुने गोटेही गप्प. कडकडत होते ते फक्त वरवरचे. तिनं एक उचलला. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला, अंगावर पिवळे डाग. असा गोटा वर घाटात येईलच कसा? हा तर नाल्यातला होता.

ती जीपकडे वळली.

"गफ्फारभाऊ, तुम्ही रोज गोटा कुठून आणता?"

"कुठून म्हणजे? जीपमंधूनच. मांगं पिशव्या भरून त पडल्या हायत. या गुडघ्यानं खाली कुठी धुंडत बसू?"

"आणि पिवळेच का?"

"देवाले कसाही गोटा देवाव का, मॅडम? हळद लावल्यावानी पाहून-पाहून देत होतो. तुमच्याच नावानं. म्हणलं, पोरीचं काम होऊ दे."

हसावं की या माणसाला त्याच ढिगात पुरावं, तिला कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चांगले तेवढे गोटे देवानं ठेवून घेतले होते आणि चंद्रपूरला गेली होती नुसती माती.

"सुकलूभाऊ, हे माझे गोटे आहेत. परत द्या ना."

"देले ते देले. देवाजवळून कोणी वापस नेते का?"

गप्प बसली असती तर साहेब दुपारी आले असते, ढीग उपसला असता, तिचे गोटे तिला मिळाले असते. सुकलू मात्र अजून तसाच बसून होता. तिनं चरफडत फोन लावला.

"सर, येऊ नका. इथे खाली काही नाही. हे नाल्यातले गोटे आहेत, आपल्याच पिशव्यांतून देवाला वाहिलेले."

"देवाला वाहिले? कोणी?"

गफ्फारभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्या वयात दुसरी जीप कोण देणार होतं त्यांना?

"मी," सायमा म्हणाली. "काम व्हावं म्हणून."

पलीकडे जो भडिमार झाला, तो तिनं फोन कानापासून लांब धरून ऐकला. शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. उद्या सामान आवरा. "सर, पण नाल्यात खरंच आहे," असं ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

गफ्फारभाऊ गुडघे धरून खाली उतरले, रस्त्याकडेला वाकून कितीतरी वेळ धुंडत राहिले आणि एक साधा काळा गोटा घेऊन ढिगाकडे निघाले.

"थांबा!" सायमा खेकसली. तिनं गोट्याला मीटर लावलं. मीटर गप्प होतं.

"ठेवा आता," ती म्हणाली.